राखणीला कोण?

म्हात्रे मॅडम कुठल्याही खोलीत शिरल्या की आधी भिंतीवरच्या बटणांकडे बघायच्या, माणसांचा नंबर नंतर. रिकाम्या खुर्चीवर फिरणारा पंखा दिसला की कपाळाला आठी पडायची आणि बटण खाली जायचं. एकदा ईदेला आम्ही रोह्यात आमच्या कंपनीतल्या इक्बालच्या घरी गेलो होतो. मॅडम शिरखुर्म्याची वाटी हातात घेऊन थेट त्याच्या न्हाणीघरापर्यंत गेल्या आणि गीझर बंद करून आल्या. इक्बालची आई बघतच राहिली. वीज वाचवावी असा काही त्यांचा उदात्त हेतू नसायचा. त्यांचं म्हणणं एवढंच, "चालू हाय, पन राखणीला कोन हाय?"

धाटावच्या ज्या केमिकल कंपनीत मी सेफ्टी खात्यात आहे, तिथलं नेटवर्क मॅडमच्या ताब्यात होतं. नेटवर्क म्हणजे कॉम्प्युटरांचा एकमेकांशी बोलायचा रस्ता, अशी मी आपली सोपी समजूत करून घेतली होती. ठेंगणी मूर्ती, घट्ट अंबाडा आणि साडीखाली कंपनीचे सेफ्टी शूज. ते जड बूट पॅसेजमध्ये वाजायला लागले की कॉम्प्युटरवर पत्ते खेळणाऱ्यांना आधीच वर्दी मिळायची. मीटिंगमध्ये त्या शुद्ध बोलायच्या, पण राग आला की पेणच्या खारेपाटातली, खाडीकाठची बोली थेट जिभेवर यायची. त्यामुळे राग किती आहे हे आम्हाला भाषेवरूनच कळायचं.

खरं सांगायचं तर पहिली काही वर्षं मला त्या अजिबात आवडल्या नाहीत. आम्ही दोघं पेणहून कंपनीच्या एकाच बसने यायचो. त्यांचा डबा उघडला की सुकटीच्या वासाने अख्खी बस जागी व्हायची, आणि कुणी नाक मुरडलं तर त्या मुद्दाम त्यालाच भाकरीचा तुकडा पुढे करायच्या. वडखळच्या आसपास खाडी दिसली की बोलणं अर्ध्यावर सोडून पाण्याकडे बघत बसायच्या. भरती चढतीये की उतरतीये ते कळेपर्यंत मान वळायची नाही. कंट्रोल रूममध्येही तीच सवय. स्क्रीनवरचा आकडा नुसता बघून त्यांचं समाधान होत नसे. तो एकदा हललेला दिसेपर्यंत उभ्या राहायच्या, मगच पाठ फिरवायच्या. ऑपरेटर म्हणायचे, मॅडम आकड्याला नमस्कार करून जातात.

ही पाण्याची भानगड काय आहे ते मला एका पावसाळ्यात कळलं. नागोठण्याला अंबा नदी रस्त्यावर आली होती आणि आमची बस अडकून पडली होती. बाकीचे मोबाईलमध्ये डोकं घालून बसले होते. मॅडम खिडकीतून पाणी बघत आपणहून बोलायला लागल्या.

त्यांच्या गावाची भातशेती खाडीच्या पातळीखाली. मध्ये मातीचा बांध. बांधात उघाडी, म्हणजे एक दार: ओहोटीला उघडायचं, शेतातलं पावसाचं पाणी बाहेर सोडायचं, भरतीला फळ्या टाकून बंद करायचं. उधाणाच्या दिवशी तिथे राखणीला बसायचं, आणि कुठल्या घराने कधी बसायचं तो क्रम आजोबांच्या काळापासून ठरलेला. पुढे सरकारने बांधात थोड्या अंतरावर दुसरी उघाडी बांधून दिली. काँक्रीटची, लोखंडी दाराची, चाक फिरवून उघडायची. नारळ फुटला, पेढे वाटले गेले.

"आन मंग?" मी त्यांच्याच सुरात विचारलं.

"मंग काय. राखणीचा क्रम जुन्या उघाडीचा होता. नवी कोनाच्याच वाट्याला नव्हती. चाक कोनाला फिरवता येत नव्हतं, म्हणून ती बंदच. बंद हाय तर तिथं बसायचं कशाला?"

एका उधाणाला त्या लोखंडी दाराखाली ओंडका अडकला आणि दार पुरतं बसलंच नाही. पाणी तिथून आत आलं. जुन्या उघाडीवर त्या दिवशी म्हात्र्यांचं घर राखणीला होतं, म्हणजे मॅडमचे वडील. ते नव्या उघाडीकडे पाठ करून आपल्या फळ्यांवर डोळा ठेवून बसले होते. मागे सगळं शिवार खारं झालं.

"बाबा घरी आले ते सांगत आले, आपल्या फळीतून थेंब आला नाय." मॅडम हसल्या नाहीत. "पुढं किती वर्सं त्या जमिनीत भात नाय झालं. तवापासून कोनी नवं दार बसवून दिलं की माझ्या अंगावर काटा येतो."

मला त्या दिवशी त्यांच्याबद्दल पहिल्यांदा आपुलकी वाटली. बस हलली तरी त्या पाण्याकडेच बघत होत्या.

यानंतर काही काळाने कंट्रोल रूमचे कॉम्प्युटर बदलले. नव्यांवर नवी ऑपरेटिंग सिस्टीम होती, आणि इथून आमच्या कँटीनमध्ये एक भांडण सुरू झालं. प्रत्येक कॉम्प्युटरला नेटवर्कवर पत्ता लागतो. जुन्या पद्धतीचे, व्ही-फोरचे, पत्ते जगात पुरेनासे झाले म्हणून व्ही-सिक्स नावाची नवी पद्धत निघाली. तिच्यात पत्त्यांना तोटा नाही. नवी ऑपरेटिंग सिस्टीम येते तीच ही नवी पद्धत चालू करून. कुणाला सांगावं लागत नाही, आणि जमेल तिथे ती आधी नव्या वाटेनेच जायला बघते. मॅडमना हे कळलं तेव्हा त्यांनी अर्धी भाकरी डब्यात तशीच ठेवली.

इक्बाल त्यांच्या हाताखालचा, पण अनेक वर्षं आखातात नेटवर्कचं काम करून आलेला. आई एकटी पडली म्हणून परतला. तो मॅडमना बाई म्हणायचा आणि भांडायचा बरोबरीने.

"बाई, ते चालूच राहू द्या. बनवणाऱ्याने चालू करून पाठवलंय ते काय उगाच?"

"बनवणारा राखणीला बसनार हाय का इथं?"

"बंद करून पाठवलं असतं तर जगात कोणी चालू केलं असतं का? तुम्ही केलं असतं?"

"नाय."

"बघा! सगळेच म्हात्रे मॅडम असते तर आपण अजून तार करत बसलो असतो. माझा भाऊ कतारवरनं अम्मीशी व्हिडिओवर बोलतो, ते ह्याच्यावर चालतं. अम्मीला काय म्हायती व्ही-सिक्स? तिनं बटन शोधलं असतं?"

"अम्मीच्या फोनला नायट्रोजनची लाईन जोडलेली नाय, इक्बाल."

मला दोघांचंही पटायचं, म्हणजे मला काहीच कळत नव्हतं. पण मॅडमच्या बोलण्यात एक मुद्दा मलाही टोचला. जुन्या वाटेवर त्यांनी पहारा बसवला होता. तिथे कुणी परकं यंत्र खोटा रस्ता दाखवायला लागलं तर त्यांना लगेच कळायचं. नव्या वाटेवर तसा पहारा अजून नव्हता. तो उभा करायला वेळ लागणार होता, आणि वेळ द्यायला कोणी तयार नव्हतं. मग त्यांनी एकेका कॉम्प्युटरसमोर बसून नवी पद्धत बंद केली. बनवणारे म्हणतात, बंद करू नका. प्लांट हेडनीही त्यांना सगळ्यांसमोर बजावलं, "मॅडम, आलेली सेटिंग तुम्ही बदलताय. उद्या काही झालं तर जबाबदारी तुमची." मॅडम म्हणाल्या, "माझीच हाय." त्या खोलीत त्यांच्या तोंडून "हाय" ऐकून मी चपापलो.

दुधाने तोंड पोळलंय, ताक फुंकून पितायत, असं इक्बाल मागे म्हणाला. मी हसलो.

आणि मग श्रावणातली ती दुपार आली.

आमच्याकडे जमिनीखाली एक पंप रूम आहे. लोखंडी जिना उतरून जावं लागतं. बाजूने नायट्रोजनच्या लाईन जातात. नायट्रोजनला वास नाही, रंग नाही. तो साचला की हवेतला ऑक्सिजन हटतो, माणूस झोप लागल्यासारखा खाली बसतो, आणि त्याला उचलायला धावलेला दुसरा त्याच्याशेजारी पडतो. म्हणून खाली ऑक्सिजनचा सेन्सर बसवलेला, त्याचा आकडा वर कंट्रोल रूमच्या स्क्रीनवर. एरवी आकडा घसरला की जिन्यापाशी भोंगाही वाजतो, पण तो दुरुस्तीला गेला होता. त्या आठवड्यात सगळी भिस्त स्क्रीनवर होती.

दामोदर फिटर खाली पंपाचं सील बदलत होता. उतरण्याआधी मीटरने हवा तपासली होती, सगळं ठीक होतं. वर जिन्याशी मी आणि एक मदतनीस. पंप रूममधून पान्याचा आवाज येत होता, आणि दामोदर नेहमीसारखा पंप बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता.

मॅडम कंट्रोल रूममध्ये प्रिंटरच्या तक्रारीसाठी गेल्या होत्या. निघताना सवयीप्रमाणे स्क्रीनसमोर थांबल्या. ऑक्सिजनचा आकडा उत्तम होता. शेवटचा अंक एरवी जरा खालीवर होत राहतो. तो होत नव्हता.

"हा कधीपासून असाच हाय?"

"चांगलाच आहे की, मॅडम," ऑपरेटर म्हणाला. "हिरवा आहे."

"हिरवा हाय, पन हलत नाय." त्यांनी त्याच्या हातातला वॉकीटॉकी हिसकावून घेतला, हे ऑपरेटरने नंतर सांगितलं. मला फक्त त्यांचा आवाज आला, "सावंत, खालच्या मानसाला वर काढ."

"का? आकडा बरोबर आहे ना?"

"आधी काढ, मंग विचार!"

मी जिन्यात वाकून हाक मारली. पान्याचा आवाज थांबलेला होता. कधी थांबला ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. पुन्हा हाक मारली. खालून उत्तर आलं ते हसण्याचं. दामोदर हसत होता, दारू प्यायलेला माणूस हसतो तसा. ऑक्सिजन कमी पडला की आधी अशीच धुंदी चढते. मदतनीस जिन्यावर पाय टाकायला गेला, मी त्याला कॉलर धरून मागे ओढलं. खाली उतरायचं नाही, हे मी वर्षानुवर्षं लोकांना शिकवत आलोय, पण त्या क्षणी माझे स्वतःचे पायही जिन्याकडे ओढ घेत होते. श्वासाचा सिलिंडर आणायला मदतनिसाला पळवलं आणि मी नुसता ओरडत राहिलो. "दाम्या, वर ये! दाम्या, तुझी बायको आलीये गेटवर, वर ये!" काय वाटेल ते ओरडलो. एक हात कठड्यावर दिसला. मग डोकं. मधल्या पायरीवर तो बसला, आणि मला वाटलं, संपलं. मग शिव्या देत उठला आणि वर आला, आणि माझ्या पायांपाशी आडवा झाला. भीतीने मला रडू फुटलं. लाज वगैरे काही वाटली नाही.

मीटर दोरीला बांधून खाली सोडला तो किंचाळायलाच लागला. बंद केलेल्या एका व्हॉल्व्हमधून नायट्रोजन गळत होता. तोपर्यंत कंट्रोल रूमच्या स्क्रीनवर तोच उत्तम, हिरवा आकडा होता.

कारण संध्याकाळपर्यंत सापडलं. कॅमेरे बसवणाऱ्या ठेकेदाराच्या माणसाने आपला लॅपटॉप आमच्या नेटवर्कला जोडला होता आणि त्यावर मोबाईलचं इंटरनेट वाटायला ठेवलं होतं. त्या लॅपटॉपने नव्या पद्धतीत सगळ्यांना पुकारा केला, रस्ता माझ्याकडून आहे. कंट्रोल रूमच्या कॉम्प्युटरने भाबडेपणाने ते ऐकलं, सेन्सरचे आकडे देणाऱ्या सर्व्हरचा पत्ता त्यालाच विचारत बसला आणि शेवटचा आकडा दाखवत थिजला. आता कोणी म्हणेल, नवी पद्धत तर मॅडमनी बंद केली होती. केली होती. मधल्या एका अपडेटने ती गुपचूप परत चालू केली होती.

दुसऱ्या दिवशी प्लांट हेडच्या केबिनमध्ये आम्ही सगळे होतो. दामोदर ठीक होता, दवाखान्यातून घरी गेला होता. साहेबांचा चेहरा मात्र दामोदरपेक्षा पांढरा होता. त्यांना एक नाव हवं होतं. ते मॅडमकडे वळणार एवढ्यात इक्बाल उठून उभा राहिला. सगळा जन्म "चालूच राहू द्या" म्हणणारा इक्बाल.

"सर, बाईंचंच खरं होतं. हे चालू करून पाठवायलाच नको होतं त्यांनी. बाईंनी बंद केलेलं. अपडेटने चालू केलं, त्यात बाईंचा काय गुन्हा?"

ही वाट मोकळी होती. साहेबांनाही ती आवडली असावी, कारण दोष कंपनीबाहेर जात होता. मॅडमनी नुसती मान हलवली असती तरी त्यांची खुर्ची वाचली असती. मी मनात म्हणत होतो, हलवा, मॅडम, मान हलवा.

"इक्बाल, बस खाली," मॅडम म्हणाल्या.

मग साहेबांकडे बघून त्या बोलल्या, आणि सावकाश बोलल्या. "मी ते बंद केलं आणि बंद आहे म्हणून तिकडे पाठ केली. जुन्या रस्त्यावर रोज पहारा होता माझा, नव्यावर एक दिवससुद्धा नाही. बंद दाराला काय राखायचं, असं वाटलं मला. माझे बाबा बसले होते ना, तशीच बसले मी. आपल्या फळीतून थेंब आला नाय." इथे न रागावताच खारेपाट जिभेवर आला. "इतकी वर्सं मी ती गोष्ट उलटीच सांगत आले, सर. मला वाटायचं, नवी उघाडी बांधली ते चुकलं. उघाडी तर बंदच होती. तिच्यावर मानूस नव्हता."

साहेबांना उघाडी म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. ते पेनशी चाळा करत राहिले.

"नवी पद्धत चालूच ठेवा," मॅडम म्हणाल्या. "ती येणारच. आपण बंद केली तरी मागच्या दाराने येणार. पण तिच्यावर पहारा बसवायला मला वेळ द्या. आणि तोवर कोणालाही त्या पंप रूममध्ये उतरवू नका."

वेळ मिळाला. मॅडमनी नव्या वाटेवर पहारा उभा केला, इक्बालला शेजारी बसवून, एकेक यंत्र तपासत. कुठलंही परकं यंत्र "रस्ता माझ्याकडून" म्हणालं की त्याचं तोंड तिथेच बंद होईल अशी सोय केली. मग स्वतःच्या हाताने सगळ्या कॉम्प्युटरांवर व्ही-सिक्स चालू केलं. इक्बालने पेढे आणले. मॅडमनी एक उचलला आणि म्हणाल्या, "नारळ तेवढा फोडू नको."

पण ज्यांना नाव हवं होतं त्यांना ते मिळालं होतं, मॅडमनीच दिलं होतं. थोड्याच दिवसांत नेटवर्कचं काम मुंबईच्या एका एजन्सीकडे गेलं. ते म्हणे दूर बसून लक्ष ठेवतात. मॅडमना ट्रेनिंगच्या कामात टाकलं, आणि त्यांनी राजीनामा दिला. मला भयंकर राग आला होता आणि अजून आहे. माणूस वाचवणाऱ्या बाईला घालवलं आणि हिरवा आकडा दाखवणाऱ्या स्क्रीनला कोणी काही बोललं नाही. इक्बालही पुढे टिकला नाही. दामोदर दर दिवाळीला पेणला जाऊन मॅडमच्या पाया पडतो आणि दर वेळी शिव्या खातो.

गेल्या पावसाळ्यात एका पौर्णिमेला मी त्यांच्या गावी गेलो. घरी कुलूप होतं. शेजारणीने बांधाकडे बोट दाखवलं. भर दुपार, आणि उधाणाचं पाणी बांधाच्या कडेला लागलेलं. नव्या उघाडीच्या काँक्रीटवर प्लास्टिकची खुर्ची टाकून मॅडम बसल्या होत्या. डोक्याला टॉवेल, पायांत तेच कंपनीचे बूट. लोखंडी दार बंद होतं. लांब जुन्या उघाडीवरही दोन माणसं होती. गावाच्या राखणीच्या क्रमात नवी उघाडी आता आली होती, मॅडमनीच भांडून आणली होती, आणि त्या दिवशी म्हात्र्यांचं घर होतं.

मी बाजूला उभा राहिलो. त्यांनी मान वळवली नाही.

"काय रे सावंत. सगळं बरं हाय ना तिकडं?"

"बरं आहे."

"आता राखणीला कोन हाय?"

"मुंबईचे बघतात म्हणे."

"म्हणे?"

मला ओशाळल्यासारखं झालं. मग मी सांगितलं, जे मी कोणाला सांगत नव्हतो. "मॅडम, मी बघतो. रोज शिफ्ट सुरू झाली की स्क्रीनसमोर जाऊन उभा राहतो. आकडा हलल्याशिवाय कोणाला खाली सोडत नाही."

तेव्हा त्यांनी पाण्यावरची नजर काढली आणि माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत माया होती, पण आवाजात नव्हती.

"आन तू रजेवर असशील त्या दिवशी?"

त्या दिवशी मी रजेवरच होतो. त्या पुन्हा दाराकडे बघायला लागल्या होत्या.